सतरावा बाण

शहाण्णव सालचा डिसेंबर. बनारसला तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. भर दुपारी दिवे लावून मृणालिनी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकटीच फाइली तपासत बसली होती.

प्रयोग तसा साधा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाण उमटला की बटण दाबायचं; पण हेडफोनमध्ये शिट्टी वाजली, तर निघालेलं बोट आवरायचं. माणूस स्वतःला किती चटकन थांबवतो, ते हा प्रोग्राम मोजायचा. लिहिला होता तिच्या सहकाऱ्याने, यज्ञेशने.

अकरा माणसं तपासून झाली होती. सतराव्या बाणाला शिट्टी ठेवलेलीच नव्हती. तरीही अकराच्या अकरा जण तिथे थांबले होते.

यज्ञेशनेच आकडे घुसडले, तिला वाटलं. प्रबंध उरकायची घाई त्यालाच होती. खात्री करायला तिने प्रभावतीकाकूंना फोन लावला. पंचगंगा घाटाजवळ राहणाऱ्या काकू कालच चाचणी देऊन गेल्या होत्या.

"काकू, शिट्टी नसताना तुम्ही मधेच थांबलात का हो?"

"ती थांब म्हणाली ना."

"ती कोण?"

"तुझ्या मशीनमधली बाई. मराठीत बोलली, बरं वाटलं हो..."

प्रोग्राममध्ये कुणाचाच आवाज नव्हता.

मृणालिनीने दाराला कडी घातली, हेडफोन चढवला आणि स्वतःच चाचणीला बसली. चौदा. पंधरा. सोळा.

"थांब गं..."

अगदी कानाशी, श्वासासकट. बोट हवेतच राहिलं. तिने हेडफोन ओरबाडून टेबलावर टाकला, तोच दारावर थाप पडली.

"मृणालिनी, मी यज्ञेश. उघड."

बरा सापडला! तणतणत तिने कडीला हात घातला.

"थांब..."

हेडफोन टेबलावर होता. आवाज मात्र कानाशीच. तिचा हात पुढे जाईना. इतक्यात फोन वाजला.

"अगं, यज्ञेश बोलतोय. गोदौलिया चौकात ट्रॅफिक जाम लागलाय, पीसीओवरून फोन करतोय. अर्ध्या तासात पोचतो."

दाराबाहेर नखं लाकडावरून सावकाश खाली घसरत गेली... मग सगळं शांत.

अर्ध्या तासाने व्हरांड्यात चपला वाजल्या. "मृणालिनी, आहेस ना?" कडीवर हात ठेवून ती कितीतरी वेळ कानोसा घेत राहिली. या वेळी कुणीच काही बोललं नाही. तिने दार उघडलं.

मफलर गुंडाळलेला यज्ञेश आत आला. तिला हायसं वाटलं.

"सुटला एकदाचा जाम? तुझा फोन आला म्हणून बरं, नाहीतर..."

"फोन?" तो हसला. "मी कुठे फोन केला? मघाशी दार वाजवत होतो, तो मीच."

आणि दाराकडे न वळताच हात मागे नेऊन त्याने कडी घातली.