दुधनीच्या माळावरचं कोंडाळं

थापा मारायला मला वेळ नाही. ही माझ्या आतेबहिणीची, धम्मप्रियाची गोष्ट. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, दुधनीजवळच्या माळावर घडलेली. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

त्या माळावर मोठाल्या दगडांचं कोंडाळं आहे. मधे उंचवटा. हजारो वर्षांपूर्वीची माणसं तिथं पुरलेली. भोवती तारेचं कुंपण, सरकारी निळी पाटी. आतलं गवत काढायला धम्मप्रिया रोजंदारीवर जायची. घरी चार महिन्यांची लेक, सासूजवळ.

त्या संध्याकाळी काम सुटलं. बाया पुढं गेल्या. हिचा विळा आतच राहिला.

एकटीच परत गेली. उंचवट्यावरचा विळा उचलला, वळली...

पाय उचलेचनात.

घोट्याखाली काही लागतच नव्हतं. मुंग्या नाहीत, कळ नाही. पावलं दिसत होती, पण तिची वाटत नव्हती.

वारा पडला. पाखरं गप्प झाली. छाती दुधानं दाटून आली. लेक भुकेली असणार, आणि हिला एक पाऊल टाकता येईना. रडकुंडीला आली बिचारी.

मग मागं गवतात...

सर्र... सर्र...

पावलांचा आवाज नव्हे. कोपरांवर अंग ओढत कुणी यावं, तसा.

अगदी पाठीशी येऊन थांबला.

"धम्मे! हितं काय करायलीस? पोरगी रडून काळीनिळी झाली की!" नवरा, रत्नदीप, शोधत समोरच्या फाटकातून आला होता.

"अहो, पाय हलंनात! उचला मला!"

त्यानं तिला पाठुंगळी घेतलं. फाटकाबाहेर येताच तिच्या पायांत जीव आला.

वॉचमन लालसाबचाचा कुलूप घेऊन उभे होते. सगळं ऐकून म्हणाले, "हितं पुरलेल्यांचे पाय घोट्यातनं कापलेत, पोरी. खोदकामाचे साहेब सांगत हुते. माघारी घरी जाऊ नयेत म्हणून."

रत्नदीप वाटेत एवढंच बोलला, "तू लई जड लागत हुतीस गं. दोन माणसांएवढी."

घरी येऊन तिनं लेकीला पदराखाली घेतलं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं तिला.

लेक आता सव्वा वर्षाची झाली. पाय ठणठणीत आहेत, असं डॉक्टर सांगतात. पण ती पाय टेकवतच नाही. कोपरांवर अंग ओढत घरभर फिरते.

परवा मी गेलो होतो. सरपटत माझ्याजवळ आली... दोन्ही हात वर केले. उचल म्हणून.

मी नाही उचललं. खरं सांगतो, माझी छातीच झाली नाही.