डबा रिकामा देऊ नये

आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. शेजारणीने वाटीभर आमटी दिली, तर त्या वाटीतून निदान चिमूटभर साखर तरी परत जाते. हे मला कुणी मुद्दाम शिकवल्याचं आठवत नाही, आणि त्यात काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. काय झालं तेवढं सांगते.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं वर्ष होतं. जर्मनीत, आमच्या रेगेन्सबर्गमध्ये, गाडीगाडीवर झेंडे आणि कान किटवणारे भोंगे. गुरुवारी फ्रोनलाइशनाम या ख्रिस्ती सणाची सुट्टी आली, शुक्रवारी रजा टाकली आणि आम्ही जंगलातल्या एका तळ्याकाठी भाड्याच्या घरात राहायला पळालो. मी, माझा नवरा हृषिकेश, सहा वर्षांची इरा आणि कार्ल्सरूहेहून आलेला हृषीचा मित्र श्रीनाथ. श्रीनाथने मासेमारीची सरकारी परीक्षा पास केली होती आणि आयआयटीत नंबर लागल्यासारखा मिरवत होता. गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, लांब दोरी हवेत झुलवायची आणि माशी पाण्यावर अलगद टेकवायची. गुरुवारभर त्याने ती टेकवली. मासा मात्र एकही नाही.

शुक्रवारी सकाळी मी त्याला चहा द्यायला लाकडी धक्क्यावर गेले. पाण्यावर धुकं होतं, ओल्या लाकडाचा वास होता. पलीकडे एक म्हातारा कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून दोरी झुलवत होता. श्रीनाथच्या दोरीचा सूं सूं आवाज यायचा. म्हाताऱ्याच्या दोरीचा काहीच येत नव्हता.

धक्क्याच्या टोकाला पत्र्याचा जुना डबा होता. आत ओल्या पाल्यात गुंडाळलेला ताजा ट्राउट मासा.

"वहिनी, त्यांनीच ठेवला वाटतं," श्रीनाथ हळूच म्हणाला. "माझी कीव आली असेल."

मी म्हाताऱ्याला हात केला. त्याने केला नाही. मासा मी हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तळला, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. मग डबा घासून त्यात बेसनाचे लाडू भरले आणि इराला घेऊन धक्क्यावर ठेवून आले.

"लाडू का दिले?" तिने नेहमीसारखं जर्मनमध्ये विचारलं.

"डबा रिकामा देऊ नये, बाळा. आपल्याला आवडतं ते त्यात घालायचं."

शनिवारी डबा पुन्हा तिथेच. आत रानातल्या इवल्या स्ट्रॉबेरी. मी शंकरपाळे भरले. इरा त्या म्हाताऱ्याला 'ओपा' म्हणू लागली, म्हणजे आजोबा. मला बरंच वाटलं. तिचे खरे आजोबा पुण्यात, वर्षातून एकदा भेटणारे.

रविवारी डब्यात लहान मुलीचा लाल लोकरीचा एक मोजा निघाला. चिंब ओला. कुणाचा तरी हरवला असेल म्हणून मी तो घरमालकीण फ्राऊ विमरना दाखवला. त्यांनी आधी मोज्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डबा कसा परत केलात?"

"भरून."

त्या खुर्चीत बसल्या. "तो इथे कोणी उघडत नाही. उघडलाच तर रिकामा ठेवतात... मग देणंघेणं तिथेच मिटतं. त्या म्हाताऱ्याची नात या तळ्यात बुडाली. तिला शोधायला तो उतरला, तो..." त्यांनी मोजा उचलला. "तुमची मुलगी केवढी आहे?"

मोजा त्यांनी चुलीत टाकला. बराच वेळ तो नुसता चरचरत राहिला.

"गावगप्पा आहेत गं, मीनल," हृषी म्हणाला. पण सामान त्यानेच भराभर गाडीत टाकलं. मी डबा घासला, कोरडा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामा परत ठेवला. श्रीनाथ तिथे दोऱ्या गुंडाळत होता, इरा त्याच्याजवळ खेळत होती. तिला हाक मारून मी गाडीकडे वळले. मन हलकं झालं होतं.

महामार्गाला लागल्यावर इरा मागून हसली. मला ती इथल्या मुलांसारखी 'मामा' म्हणते, म्हणजे आई. "मामा, तू विसरलीस! डबा रिकामाच होता."

"असू दे."

"मी घातलं ना त्यात."

"काय घातलंस?"

तिने तोंड उघडून दाखवलं. पुढचा हलणारा दात नव्हता. "सकाळी पडला. मला तो खूप आवडायचा."

हृषीने पुढच्याच फाट्यावरून गाडी वळवली. आम्ही पोहोचलो तेव्हा धक्का मोकळा होता. डबा नाही, म्हातारा नाही. पाणी अगदी शांत.

मंगळवारी तो डबा रेगेन्सबर्गला, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दारात होता. पायपुसणं ओलं झालं होतं. मी झाकण उघडलं नाही. उघडलंच नाही तर घेतलंही नाही, अशी मी मनाची समजूत घातली. हृषीने झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून डबा कपाटावर पार मागे सरकवला. तो अजून तिथेच आहे, पट्टीसकट. मी रोज बघते.

काल संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. इरा दारात येऊन उभी राहिली.

"मामा, ओपा विचारतो, डबा कधी परत देणार?"

ती मराठीत बोलली म्हणून मी वळून पाहिलं. फरशीवर पाणी होतं. तिच्या एका पायात लाल लोकरीचा मोजा होता. जोडीतला दुसरा.