रहमतबींचा हयातीचा दाखला

निलंग्याच्या स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे. कॉम्प्युटर जुना, त्यावर लिनक्स. कारण काय दुखतंय ते तो निदान सांगतो तरी. लोक म्हणतात, मशीन बिघडलं की ऋतुजाला सण वाटतो. खोटं नाही.

त्या दुपारी रहमतबी चाची हयातीचा दाखला काढायला आल्या. त्यांचे मालक गफूरचाचा पालिकेत शिपाई होते, वर्षापूर्वी वारले; त्यांची पेन्शन आता चाचींना मिळते. दाखल्याची आज शेवटची तारीख. आधारमधला अंगठ्याचा ठसा जुळला नाही तर कागदोपत्री चाचीही मेलेल्या ठरणार होत्या.

अंगठ्याचं मशीन यूएसबीवर चालतं. चाचींनी अंगठा ठेवला की स्क्रीनवरच्या नोंदींमध्ये ओळ यायची: उपकरण तुटले. लगेच दुसरी: उपकरण जोडले. वेगही रडतखडत, चारशे ऐंशी मेगाबिटच्या जागी बारा.

मला चेवच चढला! मधला हब काढून मशीन थेट मागच्या पोर्टला लावलं. वीज वाचवायला कॉम्प्युटर पोर्ट झोपवतो, ते बंद केलं. तरी तेच. मग वायरच बदलायला घेतली. नवी वायर खोचायच्या आधीच 'जोडले' अशी ओळ उमटली. जुनी नोंद उशिरा आली असेल, म्हटलं, आणि वायर खोचली. वेग चारशे ऐंशी! मी टाळीच वाजवली.

"ठेवा चाची. बघा आता कसं पळतंय!"

मशीन एकदाही तुटलं नाही. स्क्रीनवर आलं: ठसा जुळला नाही.

पाच वेळा तेच. शेवटी चाची खाली बघत म्हणाल्या, "न्हाई जुळायचा, बेटी. माझा न्हाईच त्यो."

"म्हणजे?"

"रजया शिवून शिवून माझा अंगठा पार घासलाय. आधारच्या नोंदणीच्या टायमाला उमटंना. मागं लई रांग. ह्यांनी गुपचूप आपलाच ठेवला. म्हणले, घरचाच हाय की."

माझा सगळा हुरूप गळाला. वायरीचा दोष काढता येतो, याला मी काय करणार? मला फार वाईट वाटलं. मी वायर उपसली आणि गुंडाळायला लागले.

स्क्रीनवर ओळ आली. उपकरण जोडले.

वायरीची दोन्ही टोकं माझ्या हातात होती.

मशीनचा लाल दिवा लागला. चाचींचे हात पदरात होते.

ठसा जुळला.

"झालं चाची! झालं!" मी ओरडलेच. आनंदानं की भीतीनं, देव जाणे. प्रिंटर खडखडला. दाखला निघाला: रहमतबी, हयात.

त्यांनी कागद डोळ्यांना लावला आणि उठल्या. स्क्रीनवर पुढची सूचना लुकलुकत होती: अंगठा उचला.

चाची दारात थांबल्या. मशीनकडे वळून, घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "चला की आता."

सूचना गेली.

मी मशीनची काच पुसायला फडकं घेतलं. काचेवर रुंद ठसा होता, रेघन् रेघ उमटलेला. काच कोमट लागली.