थर्माकोल धरणारा

"एका लाइटची एवढी किंमत?" तृप्तीच्या हातून पर्स निसटता निसटता राहिली.

जालन्यात, मस्तगडातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ती फोटोसाठी लाइट विचारायला आली होती. शाळेत गणित शिकवणारी मुलगी, आकड्यांना घाबरणाऱ्यातली नव्हे. पण दुकानदाराने सांगितलेला आकडा तिलाही पचेना.

"बारा वॅटचा साधा बल्ब घ्या ना," शेजारून कुणीतरी म्हणालं. "पांढरा घ्या, पिवळा न्हाई. आन् पुढं टांगायला बटर पेपर."

तिने वळून पाहिलं. एक उंच तरुण उभा होता. हातात दोन बल्ब, काखेत थर्माकोलची भली मोठी पांढरी शीट.

"बटर पेपर? पोळ्या गुंडाळायचा?"

"तोच. उजेड मऊ होतो त्यानं."

"आणि हा थर्माकोल? गणपती कधीच गेले, आता कशाचं मखर करून राह्यले तुम्ही?"

तो हसला. "बियाणाच्या कंपनीत हाय मी. कापसाचं बोंड, सोयाबीनचा दाणा... सगळ्यांचे फोटो काढतो. एका बाजूनं बल्ब, दुसऱ्या बाजूनं उजेड परतवायला थर्माकोल. बोंड एवढं छान दिसतं, तुम्ही का न्हाई दिसणार?"

बोंडाशी बरोबरी! रागवावं असं तिच्या फार मनात होतं, पण आलं ते हसू.

फोटो हवा होता बायोडाटासाठी. तुळशीचं लग्न लागलं आणि तिचे वडील रामप्रसाद कामाला लागले. स्टुडिओत काढलेला फोटो घरी आला तेव्हा आई, दैवशालाबाई, दचकून म्हणाल्या होत्या, "ही कोणाची पोरगी?" सावळ्या तृप्तीला कॉम्प्युटरवर पार दुधात बुडवून काढलं होतं! तृप्तीने तो फोटो फाडला. मामेबहिणीचा जुना कॅमेरा आणला आणि जाहीर केलं, "माझा फोटो मीच काढणार. हाये तशी दिसले पाहिजे." वडिलांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. रविवारी अंबडचे पाहुणे बघायला येणार होते.

दुकानातल्या त्या तरुणाचं नाव कल्याण. केदारखेड्याचा, नोकरीसाठी जालन्यात खोली करून राहणारा. नंबर दिला-घेतला गेला, आणि मग आठवडाभर तृप्तीच्या मोबाइलवर धडे येऊ लागले.

'ट्यूबलाइट बंद करा. दोन रंगांचे उजेड भांडतात.'

'बल्ब समोरून नको, बाजूनं आणि डोळ्यांच्या जरा वर. सावळा रंग खुलतो.'

'नाकाखाली सावली पडलीय. मिशी दिसून राह्यली.'

मिशी! तृप्तीने मोबाइल उशीखाली कोंबला... आणि दोन मिनिटांत परत काढला. त्याचा मेसेज आला नाही तर तिला जेवण गोड लागेनासं झालं होतं, हे तिच्याही ध्यानात आलं होतं.

शुक्रवारी दुपारी कल्याण घरी आला. दैवशालाबाई खोलीतच मटार सोलत बसल्या. धान्याच्या कोठीवर कॅमेरा, कपड्यांच्या दोरीवर बटर पेपर, त्यामागे बल्ब. थर्माकोल मात्र तृप्तीच्या गालाच्या अगदी जवळ हवा, म्हणजे तो धरायला माणूस हवा. आईचा हात दोन मिनिटांत भरून आला. मग थर्माकोल कल्याणने धरला.

"मी येईन ना फोटोत," तो म्हणाला.

"येऊ द्या. नंतर कापून टाकीन तुम्हाला."

"जरा सांभाळून कापा, मॅडम."

दहा सेकंदांचा टायमर लावायचा, धावत येऊन बसायचं. प्रत्येक वेळी तो हळूच सांगायचा, "हनुवटी जरा खाली... हां... तशीच ऱ्हा." त्याच्या मनगटाला नव्या साबणाचा वास येत होता. तृप्तीला ते दहा सेकंद फार थोडे वाटू लागले.

सामान आवरताना वायर गुंडाळत तो म्हणाला, "अंबडवाले बिलकुल होकार देतील."

तृप्तीने बटर पेपर दोरीवरून काढला. "आणि... तुम्हाला कसा वाटला फोटो?"

"उजेड बराबर पडला," तो वायरकडे बघत म्हणाला, आणि गेला.

उजेड! तृप्तीला रडू फुटायचंच बाकी होतं. संध्याकाळी तिने चटकन एक फोटो निवडला, त्यातला फक्त आपला चेहरा पाहिला, बाकीचं कापलं आणि घाईत मूळ फोटो व कापलेला फोटो दोन्ही वडिलांच्या मोबाइलवर पाठवून दिले.

शनिवारी सकाळी घरात बॉम्ब फुटला.

रामप्रसादांनी रात्रीच, चष्मा न लावता, समाजाच्या वधू-वर ग्रुपवर बायोडाटा टाकला होता. सोबत मूळ, न कापलेला फोटो! ग्रुपवर चारशे ऐंशी माणसं. 'अभिनंदन', 'जोडा शोभतो', 'साखरपुडा कधी केला, सांगितलं न्हाई!' अंबडहून तर फोनच आला, "पोरीचं जमलेलं असताना आम्हाला कशाला बोलावता हो?" आणि रविवारचा कार्यक्रम तिथेच मोडला.

"असं कसं म्हणतात ते? फोटोवाला हाय म्हणून सांगा ना!" दैवशालाबाई म्हणाल्या.

"फोटोवाला असं बघतो व्हय?" रामप्रसादांनी मोबाइल पुढे केला.

तृप्तीने फोटो मोठा करून पाहिला. थर्माकोल खाली झुकला होता. धरणाऱ्याला त्याचं भानच नव्हतं. कल्याण तिच्याकडे बघत होता, तहानलेल्या माणसाने पाणी मागायला लाजावं तसा. हा माणूस म्हणत होता उजेड बराबर पडला!

तासाभरात दार वाजलं. दारात कल्याण, चेहरा पांढराफटक. त्याच्यामागे नऊवारीतल्या एक बाई, त्याची आई साळूबाई, पहिल्या एसटीने केदारखेड्याहून आल्या होत्या. त्याही त्याच ग्रुपवर.

"मी याच्यासाठी पोरी बघून राह्यले," त्या उंबऱ्यातूनच कडाडल्या, "आन् हा इथं थर्माकोल धरून राह्यला!"

दैवशालाबाईंनी मायलेकांना आत घेतलं. रामप्रसादांनी घसा खाकरला. "हे बघ कल्याण, माझ्या पोरीचं नाव खराब व्हायला नको. तू एवढंच म्हण, तसं काही नव्हतं. मी ग्रुपवर लिहून टाकतो, विषय बंद. अंबडवाल्यांना पण समजावतो."

वाट सोपी होती. तृप्तीने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. आता हा 'हो काका' म्हणेल, आणि संपलं.

कल्याण एक पाऊल पुढे आला. "काका... खोटं नका लिहू."

"म्हणजे?"

"थर्माकोल धरायला आल्तो. बघायचं थर्माकोलकडं होतं, न्हाई जमलं. आठ दिवसांपासून जमून न्हाई राह्यलं. पण तुमच्या घरी पाहुणे येणार होते, म्हणून तोंड उघडलं न्हाई." त्याने पहिल्यांदाच तृप्तीकडे पाहिलं. "यांचं काय म्हणणं हाय, ते मला ठाऊक न्हाई. माझं एवढं हाय."

रामप्रसाद लेकीकडे वळले. "मंग तुझं काय?"

तृप्तीने वडिलांच्या हातातून मोबाइल घेतला, त्या ग्रुपवर काहीतरी टाइप केलं आणि मोबाइल परत दिला. तेवढ्यात साळूबाईंच्या पिशवीत टिंग वाजलं.

"वाच रे," साळूबाईंनी आपला मोबाइल लेकापुढे धरला.

कल्याणने मोठ्याने वाचलं, "'सर्वांच्या शुभेच्छा मिळाल्या. आभार. तारीख घरचे लोक कळवतील. – तृप्ती.'"

"तारीख?" रामप्रसाद कॉटवर मटकन बसले.

"अगं बाई," दैवशालाबाई म्हणाल्या, आणि साळूबाईंकडे बघून त्यांनी घाईघाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

तृप्ती मान खाली घालून उभी होती. आपण काय करून बसलो, हे आत्ता कुठे तिला कळत होतं, आणि पस्तावा काही होत नव्हता. कल्याणने तो मेसेज पुन्हा वाचला, या वेळी मनातल्या मनात.