नाक, कान, डोळे

युवराजनं अंगणवाडी केंद्राच्या दारात चपला काढल्या, ऋतिकाला कडेवरनं खाली ठेवलं आणि फरशीवर ठोकळे रचत बसलेल्या बाईला विचारलं, "तुमचं पोर कुठाय? मॅडम आल्या न्हाईत व्हय अजून?"

"पोर नाही मला," ती म्हणाली. "आणि मॅडम मीच."

तो कानापर्यंत लाल झाला. ती हसली… आणि त्याला वाटलं, अजून एकदा चुकावं.

क्षमा निपाणीची. लहान मुलांची वाढ वयाप्रमाणे होते का, ते तपासायला बेळगुंदीला यायची. ऋतिका तीन वर्षांची. आई बाळंतपणातच गेलेली. पोर बोलत नव्हती, हाकेला बघत नव्हती. क्षमानं कागदावर 'शंका' असं लिहिलं.

"दोन महिन्यांनी पुन्हा बघू. गरज असली तर लगेच उपचार सुरू करू. या वयात जेवढं लवकर, तेवढं बरं."

मग फोन सुरू झाले. आधी ऋतिकाबद्दल, मग कशाहीबद्दल.

"पुढच्या बारीला काय विचारणार तिला?"

"पेपर फोडू होय?"

"माझ्यासाठी तरी…"

ती हळूच म्हणाली, "नाक, कान, डोळे दाखव म्हणते. पण तुम्ही शिकवायचं नाही हं—"

"शप्पत न्हाय शिकवत!"

त्यानं रोज शिकवलं. पोरीवर ठपका नको होता. आणि तसली पोर असलेल्या बिजवराला क्षमा कशाला करून घेईल?

ऋतिका पास झाली. क्षमानं शंकेच्या यादीतनं तिचं नाव काढलं.

"पोर पास झाली. आता बापाचं बघा की."

"बापाचा निकाल राखून ठेवलाय," ती म्हणाली. पण निघताना त्याच्या हातनं पिशवी घेतली, तेव्हा तिची बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळली. दिवाळीनंतर ती त्याच्याबद्दल घरी सांगणार होती.

दिवाळी झाली. ऋतिका अजून बोलत नव्हती. एकदा क्षमानं तिला सहज समोर बसवलं.

"कान कुठाय गं?"

ऋतिकानं नाकावर बोट ठेवलं. मग कानावर. मग डोळ्यावर. आणि शाबासकीसाठी बापाकडं बघितलं.

"डोळे कुठं आहेत?"

पुन्हा नाक, कान, डोळे.

"चूक माझी हाय," युवराज म्हणाला.

"तुम्ही बाप आहात. चूक माझी. क्रम बदलून विचारायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात." तिनं पेन उचललं, खाली ठेवलं. "त्या दिवशी मी तिच्याकडं बघतच नव्हते, युवराज. तुमच्याकडं बघत होते."

एवढं उघड ती आधी कधी बोलली नव्हती. नंतरही नाही.

पोरीचे सहा महिने फुकट गेले होते. क्षमानं अहवालात आपली चूक लिहिली, ऋतिकाला बेळगावात उपचार करणाऱ्या माधवी मॅडमकडं सोपवलं आणि स्वतः चिकोडीकडची गावं मागून घेतली.

"आणि आपलं?"

"तिला बघितलं की रोज हेच आठवेल," ती म्हणाली. "मला आणि तुम्हालाही."

उन्हाळ्यात एका दुपारी ऋतिका तांब्याकडं बोट करून म्हणाली, "पाणी." युवराजनं आधी तिला पाणी पाजलं, मग फोन लावला.

"तुम्ही शिकवलंत?" क्षमानं विचारलं.

"न्हाय. आपलं आपण म्हणाली."



"तारीख लिहून ठेवा," ती म्हणाली. "माधवी मॅडमना लागेल."