तारीख पुसलेले फोटो

अभ्यासिकेतला एकच प्लग चालू होता, आणि दाक्षायणीचा आणि शेजारच्या मुलाचा हात एकदमच तिथं गेला.

"तुम्ही लावा," तो म्हणाला. "माझं भागंल."

ती नुसती हसली. बोलायला वेळ नव्हता. सोलापूरच्या विणकरांचे वर्षभर काढलेले फोटो तिला संध्याकाळपर्यंत पुण्याच्या फोटो-स्पर्धेच्या प्रदर्शनाला पाठवायचे होते. अट एकच, प्रत्येक फाइलमध्ये फोटो काढल्याची तारीख हवी. तिनं काही फोटो फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपनं लॅपटॉपवर घेतले होते, त्यांतली तारीख पुसली गेली होती. ते नेमके कुठले, हे ती एकेक फोटो उघडून बघत होती.

"असं बघत बसलात तर दिवाळी येईल की," तो हळूच म्हणाला. "माझं नाव बसू, मंद्रूपचा. शेल स्क्रिप्ट लिहू? म्हणजे कॉम्प्युटरलाच सांगायचं, सगळे फोटो तपास, तारीख नसंल त्याचं नाव दाखव."

"आणि तो ऐकतो?"

"त्याच्याशिवाय माझं ऐकतंय कोण..."

त्यानं चार-पाच ओळी लिहून एंटर दाबलं. पडदाभर एकच तक्रार — फाइल सापडत नाही. बसूचे कान लाल झाले. दाक्षायणी जवळ वाकली, तशी त्याची बोटं थबकली. तिच्या ते लक्षात आलं... आणि आवडलंही.

"नाव अर्धंच आलंय," ती म्हणाली. "मी 'कमलम्मा माग' असं जागा सोडून लिहिलंय. तो दोन नावं समजतोय का?"

"व्हय की. नावाला अवतरणचिन्हं घालायची राहिली. लई साधी चूक."

त्यानं ती घातली, आणि आता तारीख नसलेल्या फोटोंची नेमकी नावं खाली उतरली. तिनं फोनमधले मूळ फोटो केबलनं घेऊन त्या जागी ठेवले. पुन्हा स्क्रिप्ट चालवली. पडदा कोराच राहिला.

"काहीच दाखवत नाही," ती घाबरून म्हणाली.

"म्हणजे जिंकलात."

मुदतीच्या आत फोटो गेले. पुढं रोज दोघं त्याच टेबलावर बसू लागले, कामाचं निमित्त नसतानाही.

प्रदर्शनाच्या दिवशी दारातच मागावर बसलेल्या कमलम्मांचा फोटो भिंतभर लागला होता. बसू एसटीनं आला होता.

"मला तुम्ही आवडता," दाक्षायणी म्हणाली. "फिरवून सांगायला मला जमत नाही."

"मला पण... पहिल्या दिवसापासनं. सांगायचा धीर न्हवता."

आत पहिल्या बक्षिसासाठी तिचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या. तिनं त्याचा हात धरला, आणि तसाच धरून ती मंचावर गेली.