खिशातला उजवा हात

काल संध्याकाळी सुयोग परब सातव्या मजल्याच्या गॅलरीतून पडला. त्याची नोकरी गेली होती, म्हणून पोराने उडी मारली, असा निकाल सोसायटीने सकाळच्या दुधाआधीच देऊन टाकला. दुसऱ्याच्या घरातलं लोकांना फार लवकर कळतं.

पीएसआय अपूर्वा कदम दारात पोचताच सुयोगच्या आईने, वनमालाबाईंनी, तिचा हात घट्ट धरला.

"मॅडम, माझो झील उडी मारूचो नाय. तसा कागदावर लिवू नकात."

अपूर्वाला त्या डोळ्यांकडे बघवेना. ती आत गेली. ओट्यावर चहाचं आधण थंडगार पडलं होतं, शेजारी दोन कप मांडलेले.

"घरी कोण होतं, काकू?"

"तो एकटोच. मी भजनाक गेल्लंय."

सुयोगच्या खोलीत भिंतभर जुने जपानी व्हिडिओ गेम होते. टेबलावर डिस्क वाचणारं लाल यंत्र उघडं पडलेलं, स्क्रू वाटीत. आतला रबरी पट्टा वितळून त्याचं काळं चिकट डांबर झालं होतं. अपूर्वाच्या बोटाला लागलं ते साबणानेही निघेना. पंचनाम्यात तिने सुयोगचे हात पाहिले होते. बोटं स्वच्छ होती.

"यात डिस्क होती?"

"पिवळी. अडाकली होती. लाखात एक म्हणायचो. नवो पट्टो येयपर्यंत उघडूचो नाय म्हणालो."

आता यंत्र रिकामं होतं.

बाहेर सुयोगच्या फोटोपुढे त्याचा मित्र केतन उभा होता. त्यालाही हाच नाद. त्याने डाव्या हाताने फूल वाहिलं. उजवा हात खिशात होता.

"सुयोगला शेवटचं कधी भेटलास?"

"महिना झाला, मॅडम. मालाडहून येणं होत नाही ना."

"डावखुरा आहेस?"

"नाही. का?"

"मग मित्राला फूल डाव्या हाताने का वाहिलंस? हात बाहेर काढ."

केतन हलेना. अपूर्वाने मनगट धरून हात ओढला. बोटं नखांपर्यंत काळी होती.

"सुयोगचे हात स्वच्छ, म्हणजे यंत्र दुसऱ्याने उघडलं. दुसरा कप तुझा. तो चहा टाकायला गेला आणि तू अडकलेली डिस्क काढलीस. त्याने पाहिलं. मग गॅलरीत काय झालं?"

केतनचा चेहरा पडला. "तो डिस्क हिसकावत होता. मी फक्त ढकललं, मॅडम. आईशप्पथ."



"म्हणजे त्याणां उडी मारूक नाय?" वनमालाबाईंनी विचारलं.

"नाही, काकू."

त्यांनी केतनचं फूल उचलून त्याच्या काळ्या हातात परत ठेवलं.

"आता लिवा कागदावर," त्या म्हणाल्या, आणि कालपासून पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.